मासिकातला झगा आणि दुकानातली रांग

वार्षिकांकासाठी विषय सुचवायचा म्हटले की आपल्याकडे काही विषय भारदस्त मानले जातात. बेकारी, हुंडाबळी, पर्यावरण, ग्रामीण साहित्य. पोशाख हा विषय मुलींचा, म्हणजे आपोआपच हलका. त्यात मी 'सोव्हिएत राजवटीतील फॅशन मासिके' असा विषय सांगितला तेव्हा एका वर्गमित्राने अगदी निरागसपणे विचारले, "रशियात फॅशन होती?" आणि आमच्या गावचे एक वृद्ध काका, ज्यांनी उभे आयुष्य लाल बावट्याखाली काढले, ते म्हणाले, "पोरी, तिथं माणसाला भाकर मिळाली का नाय ते बघ. कपड्याचं काय घेऊन बसलीस?"

पहिला प्रश्न रशियाची टिंगल करणाऱ्याचा आणि दुसरा रशियावर श्रद्धा ठेवणाऱ्याचा. पण कपडा ही विचार करण्याजोगी गोष्ट नाही याबद्दल दोघांचेही एकमत! मला मात्र वाटते की एखादी राजवट सामान्य माणसाला किती ओळखते हे पाहायचे असेल तर तिने त्याला घालायला काय दिले आणि देण्यापूर्वी त्याला विचारले का, एवढे पाहावे. त्यासाठी मोठमोठे ग्रंथ लागत नाहीत. शिंप्याची टेप पुरते.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असेही कोणी समजू नये. आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, आणि कुलाबा म्हटले की लाल बावटा हे समीकरण होते. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी न कसता संप चालवला. पुढे शेतकरी कामगार पक्षाने १९५० साली दाभाडीला मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला, आणि त्या पक्षाची मुळे सर्वांत खोल गेली ती आपल्याच मातीत. त्यामुळे मॉस्को हे नाव आपल्या आजोबांच्या पिढीला मुंबईइतके नसले तरी मद्रासइतके तरी परिचयाचे होते. अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहातून रशियन पुस्तकांचे मराठी अनुवाद नाममात्र किमतीत मिळत. आणि 'सोव्हिएत देश' तर घरोघरी! सोव्हिएत वकिलातीतर्फे मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघणारे हे नियतकालिक स्वस्त, रंगीत आणि गुळगुळीत कागदाचे होते. हिंदीत 'सोवियत नारी' येई. वाचून झाल्यावर, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा न वाचताच, त्या पानांची पाठ्यपुस्तकांना कव्हरे घातली जात. आमच्या गावच्या वाचनालयात एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकाला अजून तसे कव्हर आहे. गव्हाच्या शेतात एक तरुणी उभी आहे, अंगात फुलाफुलांचा झगा, डोक्याला रुमाल, आणि झग्याला एक सुरकुती नाही. कापणीच्या दिवसांत इस्त्रीचा झगा घालून शेतात कोण जाते, हा प्रश्न आपल्या कोणाही आईला पडला असता.

त्या झग्याचा इतिहास शोधू गेले आणि मला वाटले होते त्याहून तो कितीतरी रंजक निघाला.

१९१७ च्या क्रांतीपूर्वी मॉस्कोत नादेझ्दा लामानोवा नावाची शिवणकामातली नामवंत बाई होती. राजघराण्यातल्या स्त्रियांचे कपडे तिच्याकडून शिवून जात. क्रांती झाली, गिऱ्हाईक परागंदा झाले, १९१९ साली खुद्द लामानोवाला तुरुंगात टाकले. लेखक मॅक्सिम गॉर्की यांनी शब्द टाकला म्हणून ती सुटली. सुटल्यावर पॅरिसला पळून जाणे तिला सहज शक्य होते, तिथे तिच्या हाताची कदर करणारे पुष्कळ होते. ती गेली नाही. साठीला आलेल्या या बाईने नव्या सरकारच्या कार्यशाळेत बसून कामकरी बाईसाठी कपडे बेतायला घेतले. कापड कुठे होते? नव्हतेच. मग घरच्या मागावर विणलेले जाडे ताग-कापड, शेतकऱ्यांच्या घरातले भरतकाम केलेले टॉवेल, डोक्याचे रुमाल, असे जे हाती लागेल त्यातून ती कपडे करू लागली. व्लादिमीर भागातल्या दोन टॉवेलांतून तिने एक अंगरखा बेतला होता. १९२५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात या कपड्यांना 'ग्रां प्री' हे मोठे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी शिल्पकार व्हेरा मुखिना हिच्या साथीने तिने 'रोजच्या जगण्यातील कला' अशा अर्थाच्या नावाचा एक चित्रसंग्रह काढला. त्यात कपड्यांच्या चित्राबरोबर तो कसा बेतायचा याची आकृतीही होती. बेताची ही आकृती वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

त्याच सुमारास ल्युबोव पोपोव्हा आणि वार्वारा स्तेपानोव्हा या दोन चित्रकार स्त्रिया मॉस्कोच्या कापड छापणाऱ्या सरकारी गिरणीत शिरल्या. भिंतीवर टांगायचे चित्र काढण्यापेक्षा बाईच्या अंगावरचे चीट काढावे, म्हणजे कला खरोखर लोकांत जाईल, असे त्यांचे म्हणणे. वर्तुळे, चौकोन, तिरक्या रेघा अशी त्यांची नक्षी. पोपोव्हा १९२४ साली तापाने अकाली गेली. स्तेपानोव्हाने १९२३ च्या एका लेखात विचार मांडला की पोशाख हा कामावरून ठरावा; सर्जनचा वेगळा, वैमानिकाचा वेगळा, खेळाडूचा वेगळा, आणि खिसा, शिवण, बटण यांतले काहीही निव्वळ शोभेसाठी नसावे. हा विचार मला फार मोलाचा वाटतो, आणि तो रशियातही पुरता राबवला गेला नाही याचे वाईट वाटते. १९२३ सालीच 'अतेलिए' नावाचे क्रांतीनंतरचे पहिले फॅशन मासिक निघाले. एक अंक निघाला आणि बंद पडले. (आपल्या काही भित्तिपत्रकांचीही हीच गत होते, तेव्हा हसण्याचे कारण नाही.)

पुढे विसाव्या दशकाच्या अखेरीस उत्साही मंडळींनी कापडावर ट्रॅक्टर, विजेचे दिवे, विळे-हातोडे, कारखान्यांची धुराडी छापायला सुरुवात केली. बाई रस्त्याने चालली की प्रचार आपोआप चालायला लागेल, अशी ही योजना. बायकांनी ते कापड मनापासून घेतले नाही. अखेर १९३३ साली 'प्राव्दा'मध्येच एक उपहासलेख आला. पुढून ट्रॅक्टर आणि मागून कापणीयंत्र, अशा कपड्यात माणसाचे काय ध्यान दिसते यावर त्यात तोंडसुख घेतले होते. मग ट्रॅक्टर गेले आणि फुले परत आली. म्हणजे आमच्या व्याकरणाच्या कव्हरावरची ती फुले सुद्धा सरकारदरबारी हरून-जिंकून आलेली होती!

लामानोवाच्या टॉवेलांविषयी वाचताना मला आपला 'पारंपरिक वेशभूषा दिन' आठवल्याशिवाय राहिला नाही. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात निम्म्या मुली कोळणी होतात. भाड्याने आणलेले लुगडे, प्लास्टिकची मासळी, खोट्या सोन्याच्या माळा. नाचाला बक्षीसही मिळते. आणि जिची आई खरोखर पहाटे तीनला बंदरावर जाते ती मुलगी त्या दिवशी जीन्स घालून प्रेक्षकांत बसलेली असते. शेतकरणीचा टॉवेल पॅरिसला बक्षीस मिळवतो तेव्हा शेतकरणीच्या अंगावर काय असते, हा प्रश्न तिथेही कोणी फारसा विचारला नव्हता. असो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मॉस्कोत तिसाव्या दशकात कपड्यांचे एक सरकारी नमुना-गृह सुरू झाले आणि १९४५ साली, म्हणजे महायुद्ध संपले त्याच वर्षी, 'झुर्नाल मोद' हे फॅशनचे मासिक निघाले. दोन कोटींहून अधिक माणसे गमावलेल्या, निम्मा जळालेल्या देशाने त्या वर्षी फॅशनचे मासिक काढावे, याला कोणी ढोंग म्हणेल. मी म्हणणार नाही. चार वर्षे लष्करी कोटात वावरलेल्या बाईला पुन्हा झगा हवासा वाटणे ही माणुसकीची गोष्ट आहे, आणि सरकारला ती कळली हे चांगलेच झाले. पुढे लाटव्हियातून 'रीगास मोदेस' आणि एस्टोनियातून 'सिलुएत' ही मासिके निघू लागली. ही दोन प्रांतांतली मासिके मॉस्कोपेक्षा जास्त 'पाश्चात्त्य' मानली जात आणि हातोहात खपत.

गोम होती ती पुढे. नमुना-गृहातले कलावंत दरवर्षी सुंदर नमुने करीत. मासिक त्यांची चित्रे छापी. पण ते कपडे दुकानात येत नसत. का येत नसत? शिवण-कारखान्याला वरून वार्षिक योजनेचा आकडा ठरवून दिलेला असे. इतके नग, इतक्या रूबलांचे. आकडा पुरा झाला की व्यवस्थापकाला शाबासकी आणि कामगारांना बोनस. नवा नमुना घ्यायचा तर कापण्याचे फर्मे बदलायचे, कामगारांना पुन्हा शिकवायचे, चार आठवडे वेग मंदावायचा, म्हणजे आकडा बुडालाच. शिवाय नव्या नमुन्याला लागणारे बटण दुसऱ्या कारखान्याच्या योजनेत नसायचे, आणि अस्तर तिसऱ्याच्या. तेव्हा शहाणा व्यवस्थापक गेल्या दहा वर्षांचा तोच कोट याही वर्षी शिवी. तो कोट दुकानात पडून राही आणि कागदावर देशातले कपड्यांचे उत्पादन वाढत राही. कुठे चुकून बरे बूट किंवा परदेशी कापड आले की तासन्‌तास रांग लागे. रांग कशासाठी आहे हे न विचारताच लोक आधी उभे राहत आणि मग पुढच्याला विचारीत, असे सांगतात. आपल्याकडे रॉकेलच्या रांगेतही असे घडलेले आमच्या आजीने पाहिले आहे.

म्हणजे मासिक खोटे बोलत होते का? या प्रश्नावर मी बराच विचार केला. आणि इथे ती बेताची आकृती कामाला येते. 'राबोत्नित्सा' (कामगार स्त्री) हे १९१४ सालचे मासिक आणि 'क्रेस्त्यान्का' (शेतकरी स्त्री) हे १९२२ चे. दोन्हींचा खप लाखांच्या घरात. पुढारी, उत्पादन, शांतता परिषदा यांवरचे लेख पुढे आणि मागच्या पानांवर कपड्याचे चित्र व तो बेतण्याच्या आकृत्या. माझ्या मते त्या अंकातले सर्वांत प्रामाणिक पान तेच. कारण ते पान न बोलता कबूल करीत होते की बाई, हा झगा तुला दुकानात मिळणार नाही; हा घे त्याचा बेत, आणि तुझा तूच शिव. आणि बायकांनी शिवला! मॉस्कोजवळ पोडोल्स्कला सिंगर कंपनीचा जुना कारखाना होता. क्रांतीनंतर तो सरकारी झाला आणि तिथली यंत्रे घराघरांत पोचली. जुन्या कोटाची उलटी बाजू बाहेर करून नवा कोट, पडद्याचा परकर, बापाच्या पँटीचा मुलाला पायजमा. ज्या देशात सगळ्यांनी एकसारखे दिसावे अशी व्यवस्था होती, तिथे प्रत्येक बाईचा झगा तिच्या स्वतःच्या मापाचा होता. आपल्या रेडिमेडच्या जमान्यात हे भाग्य किती जणींना आहे?

परंतु त्या भाग्याची किंमत कोणी मोजली तेही पाहिले पाहिजे. सत्तरच्या दशकात सोव्हिएत नोकरदारांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. आठ तास कारखान्यात, मग रांगेत, मग स्वयंपाक, मुले, आणि सगळे झोपल्यावर शिवणयंत्र. नताल्या बारान्स्काया या लेखिकेची एका नोकरदार आईच्या आठवड्यावरची दीर्घकथा १९६९ साली 'नोवी मिर' मासिकात आली तेव्हा तिकडे खळबळ उडाली, ती यामुळेच. योजना मंडळाच्या हिशेबात हे रात्रीचे तास कुठेच नव्हते. कारखाना जे शिवायला विसरला ते बाईने फुकटात शिवले, आणि समता आली असे जाहीर झाले. माझी डाव्या विचारांच्या मित्रांशी खरी तक्रार इथे आहे. कपडा हा क्षुल्लक विषय म्हणून बाजूला सारला की हे रात्रीचे तासही त्याबरोबर बाजूला सारले जातात.

मार्च १९८७ मध्ये, गोर्बाचेव्ह यांच्या काळात, जर्मनीचे 'बुर्डा' हे मासिक रशियन भाषेत निघाले. सोव्हिएत देशात रशियन आवृत्ती निघालेले ते पहिले पाश्चात्त्य मासिक. गंमत अशी की दारे उघडल्यावर पहिले आत आले ते पॅरिसच्या श्रीमंती थाटाचे मासिक नव्हे. 'बुर्डा'चे वैशिष्ट्य म्हणजे अंकातली बेताची मोठी घडी. माझी आत्या रेवदंड्याला शिवणकाम करते. तिला मी त्या घडीचे छायाचित्र दाखवले. एकावर एक पंचवीस आकृत्या, लाल, निळ्या, हिरव्या रेघांचे जंजाळ. "हा काय एस.टी.च्या रस्त्यांचा नकाशा आहे काय?" म्हणाली. मग चष्मा लावून पाच मिनिटे बघत बसली आणि बोट ठेवून म्हणाली, "ही बाही. ही गळ्याची पट्टी. मुंढा आपल्यापेक्षा खोल घेतात." भाषा येत नसताना तिने ते पान वाचले. मॉस्कोच्या बायकांनीही ते असेच वाचले असणार.

कोणी म्हणेल, हे सारे परक्या देशाचे. नाही हो! आपल्याकडेही सरकारी कपडा होऊन गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, कापड आणि सूत सरकारी नियंत्रणाखाली आले. पुढे १९६४ पासून गिरण्यांनी उत्पादनाचा ठरावीक हिस्सा स्वस्त, जाड्याभरड्या कापडाचा काढावा असे बंधन आले. धोतर, साडी, लाँगक्लॉथ. १९७६ साली हातमागावरच्या जनता कापडाची योजना आली. हेतू चांगला होता, यात शंका नाही. गरिबाच्या अंगावर वस्त्र असावे यापेक्षा चांगला हेतू कोणता? पण आमच्या आजीच्या तोंडी 'कंट्रोलचं लुगडं' हा शब्द आजही कौतुकाने येत नाही. काठ सगळ्यांचा एकच. रंग पहिल्या धुण्याला बादलीत. आणि नऊवारी नेसणारीच्या हाती पाचवार, किंवा नऊवार म्हणून साडेआठ. लग्नाला जाताना कंट्रोलचे लुगडे नेसायचे नाही हा अलिखित नियम होता, कारण ते ओळखू येई. गरिबाला वस्त्र दिले, पण ते गरिबीचा गणवेश म्हणून दिले. देताना कोणी आजीला विचारले नाही की बाई, काठ कोणता हवा. मॉस्कोतल्या त्या कोटाला आणि आमच्या आजीच्या लुगड्याला एकाच वृत्तीने विणले आहे असे मला वाटते.

आणि जिथे विचारले जात नाही तिथे माणसे आपली वाट काढतात. मॉस्को-लेनिनग्राडच्या हॉटेलांबाहेर परदेशी पाहुण्यांच्या अंगावरचे कपडे विकत मागणारे दलाल उभे असत. एका जीन्ससाठी महिन्याचा पगार मोजणारे तरुण होते. आपल्या किनाऱ्यावर हे काम मचव्यांनी केले. आयात जवळजवळ बंद असलेल्या त्या काळात कोकणच्या खाड्यांतून सोने आणि घड्याळांबरोबर परदेशी कापडही चोरून उतरे. 'फॉरेनचा पीस' हा शब्द आपल्या किनाऱ्यावरच्या लग्नघरात किती आदराने उच्चारला जात असे हे वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. त्या चोरट्या धंद्याने पुढे कोणते भीषण रूप घेतले ते १९९३ साली श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्याने पाहिले. त्याचे समर्थन कोणी करणार नाही. पण सुरुवातीला त्या पेट्यांतले कापड घेणारी बाई काही देशद्रोही नव्हती. तिला न विरणारा रंग हवा होता.

या सगळ्यात नियतीने एक थट्टाही करून ठेवली आहे. भारत-रशिया व्यापार रुपयांत चाले, आणि रशियाला चहा, चामडे यांबरोबर आपल्याकडचे होजिअरीचे आणि तयार कपडेही जात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिकडच्या तरुणींना वेड लागले होते ते आपल्या विरळ विणीच्या, चुरगळलेल्या सुती झग्यांचे आणि ब्लाउजांचे! त्यासाठी मॉस्कोत रांगा. आणि त्याच वेळी इकडे सुताला नाके मुरडून आपण टेरिलीन-टेरिकॉटच्या मागे. १९८२ साली आपल्याच जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते आणि त्यांतले कितीतरी कोकणातलेच होते. बापाची सुताची गिरणी बंद, आणि मुलाच्या अंगात पॉलिएस्टरचा शर्ट. यावर कोणीतरी स्वतंत्र लेख लिहायला हवा.

तरुणांच्या कपड्यांवर वडीलधाऱ्यांची नजर, हाही दोन्हीकडचा समान धागा आहे. १९४९ साली 'क्रोकोदिल' या विनोदी मासिकाने झगझगीत कोट आणि जाड तळव्यांचे बूट घालणाऱ्या पोरांची टर उडवली आणि त्यांना 'स्तिल्यागी' हे नाव चिकटले. नंतर नंतर तर युवक संघटनेची पथके रस्त्यात अशा मुलांच्या अरुंद विजारी कातरीत. १९५९ च्या जूनमध्ये खुद्द सरकारच्या परवानगीने ख्रिस्तियन डिओरच्या पॅरिसच्या मॉडेल मुली मॉस्कोत आल्या, बाजारातून हिंडल्या, आणि साध्या चिटाच्या झग्यातल्या बायका त्यांच्याकडे वळून वळून पाहत असल्याची छायाचित्रे जगभर गेली. तरी कातऱ्या चालूच. आपल्याकडे २०२४ साली मुंबईतल्या एका महाविद्यालयाने फाटक्या जीन्स आणि टी-शर्टवर बंदीची सूचना लावली. आपल्या प्राध्यापकवर्गात त्यावर दोन तट आहेत हे मला ठाऊक आहे, आणि वार्षिकांकाचे संपादक मंडळ सर्वांचे मिळून आहे हेही ठाऊक आहे. म्हणून एवढेच म्हणते की सूचना लावण्यापूर्वी वर्गात येऊन विचारायला काय हरकत असते?

आता शेवटची एक हकीकत, जिच्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला. व्याचेस्लाव झाइत्सेव हा इव्हानोवो या कापडगिरण्यांच्या गावचा मुलगा. शिक्षण संपवून तो मॉस्कोजवळच्या एका कारखान्यात लागला. काम काय, तर खेड्यातल्या कामकरी बायकांचे कामाचे कपडे. रशियात कापूस भरलेली मळकट रंगाची एक बंडी सर्रास वापरतात. या मुलाने विचार केला, हिवाळ्यात राबणाऱ्या बाईला ऊबही मिळावी आणि रंगही. त्याने रंगीबेरंगी बंड्या, फुलांच्या शालींच्या कापडाचे घागरे, रंगवलेले लोकरीचे बूट असा संच केला. वरच्या समितीने तो फेटाळला. १९६३ साली फ्रेंच मासिकाने मात्र त्याची दखल घेतली. पुढे तो रशियाचा सर्वांत नामांकित वेशकार झाला आणि २०२३ साली वारला. त्या बंड्या खेड्यातल्या बायकांपर्यंत कधी पोचल्याच नाहीत.

स्तेपानोव्हाने म्हटले होते, पोशाख कामावरून ठरवा. झाइत्सेवने ते करून दाखवले. आता आपल्या किनाऱ्यावर या. बोडणी, आग्राव, कोर्लई, राजपुरी, भरडखोल. पहाटे बंदरावर बायका बर्फात हात घालून मासळी निवडतात. कोळंबीचा काटा बोटात जातो आणि त्यावर मीठ आणि बर्फाचे पाणी. हातमोजे? बाजारात मिळतात ते पुरुषी मापाचे, बोटे लोंबणारे, त्यात सुरी धरता येत नाही. गमबूटही तसेच. पावसाळी कोट सगळे पँट घालणाऱ्यांसाठी बेतलेले. गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेल्या लुगड्यावर तो चढत नाही, चढला तर कासोटा भिजतोच. म्हणून भर पावसात बाई डोक्यावर पाटी आणि पाठीला प्लास्टिकचा कागद गुंडाळून उभी असते. तरुण बायका आता गाऊन घालतात, तो तर ओला झाला की पायात येतो. लुगड्याचा तो कास मुळात किती विचारपूर्वक बेतलेला पोशाख आहे! चिखलात पाय मोकळा, पाण्यात कापड आखडते, चढताना आड येत नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी स्वतः बेतला. त्यानंतर कोणीही त्यात भर घातली नाही. ना सरकारने, ना कारखान्याने, ना फॅशनच्या संस्थांनी.

राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर दर हिवाळ्यात एखाद्या गावी जाते. भिंती रंगवतो, किनारा झाडतो, शेवटच्या दिवशी पथनाट्य करतो. यंदा दहा जणींनी टेप आणि वह्या घेऊन बंदरावर जावे, मापे घ्यावीत आणि विचारावे की कोट हवा तर कसा हवा, खिसा कुठे हवा, रंग कोणता हवा. बेताचे काम आत्या करायला तयार आहे. तिने एक कागदावर काढूनही पाहिला. मागे कासोट्यासाठी खोल चुण, पुढे गुडघ्याच्या वर तिरका कट, बाही कोपरापर्यंत. कापड किती लागेल ते अजून ठरत नाही, कारण नऊवारीचा घेर नेसणारीप्रमाणे बदलतो. आणि तिची मुख्य अडचण वेगळीच आहे. ती म्हणते, प्लास्टिकच्या कापडावर सुई चालली की प्रत्येक टाक्याला भोक पडते आणि पाणी नेमके खांद्यावरूनच आत येते. शिवणीवर आतून काय चिकटवायचे हे रसायनशास्त्राच्या विभागातले कोणी सांगेल का?